डिस्कचा खाडा कोण सांगणार?



मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठी म्हणजे आठवड्याचे मोजके तास आणि परीक्षेत म्हणींचा एक हमखास प्रश्न. म्हणी पाठ करायच्या, अर्थ गाईडमधून उतरवायचा, मार्क घ्यायचे, संपलं. त्यातल्या एका म्हणीचा खरा अर्थ मात्र मला मराठीच्या तासाला नाही, तर थेट इंजिनिअरिंगला आल्यावर सर्व्हर रूमच्या दाराशी कळला. ती म्हण म्हणजे 'उधारीचं पोतं सव्वा हात रितं'.

विषय आहे व्हर्च्युअल मशीनच्या वाढत्या डिस्कचा. हे नाव वाचून मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी लगेच पान उलटू नये. तुमच्या लॅपटॉपच्या सी ड्राईव्हचा पट्टा लाल होतो आणि जागा कुठे गेली ते कळत नाही, त्यातही बऱ्याच वेळा हाच प्राणी असतो. आणि ज्यांना यातलं काहीच माहीत नाही, त्यांनी फक्त मेसचा खाडा माहीत असला तरी पुरे. बाकी सगळं मी सांगते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. वाढती डिस्क ही चांगली सोय आहे. ती बंद करा असं मी म्हणणार नाही. पण हिशेब न ठेवता आणि मुलांना न सांगता वाटलेली वाढती डिस्क म्हणजे उधारीवर दिलेलं आश्वासन आहे. ते मोडलं की भुर्दंड नेहमी निरपराध माणसाला बसतो.

आधी फंडा क्लिअर करू

व्हर्च्युअल मशीन, आपल्या भाषेत व्हीएम, म्हणजे एका खऱ्या कम्प्युटरच्या पोटात चालणारा खोटा कम्प्युटर. खरा तो होस्ट, पोटातला तो गेस्ट. गेस्टला वाटतं आपल्याला स्वतःची हार्ड डिस्क आहे. प्रत्यक्षात ती होस्टवरची एक मोठी फाईल असते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तिचं एक्स्टेन्शन व्हीडीआय, हायपर-व्हीमध्ये व्हीएचडीएक्स, क्यूईएमयूमध्ये क्यूकाऊ-टू.

ही फाईल दोन प्रकारे बनवता येते. पहिला प्रकार फिक्स्ड. १०० जीबी म्हटलं की होस्टवरची १०० जीबी जागा त्याच क्षणी अडवली. तुम्ही त्यात एक नोटपॅडची फाईल ठेवा नाहीतर पूर्ण भरा, ती जागा तुमची. दुसरा प्रकार डायनॅमिक, म्हणजे वाढती. गेस्टला सांगायचं की बाबा रे, तुझी डिस्क १०० जीबीची आहे. होस्टवर मात्र सुरुवातीला जेमतेम काही एमबी जागा जाते. गेस्टने जिथे जिथे लिहिलं, तेवढेच तुकडे होस्टवर तयार होतात. व्हीडीआयमध्ये असा एक तुकडा १ एमबीचा असतो, क्यूकाऊ-टूमध्ये नेहमीच्या सेटिंगला ६४ केबीचा. कुठला तुकडा कुठे ठेवला याचा तक्ता फाईलमध्येच असतो. बस्स, एवढीच जादू.

मोठ्या डेटा सेंटरमध्ये याच गोष्टीला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात. सगळ्यांना मिळून जेवढं वचन दिलं, तेवढं पोत्यात नाही, हे त्याचं सार.

फिक्स्ड पद्धत काही मागासलेली नाही बरं का. १९७२ मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या व्हीएम/३७० या प्रणालीत प्रत्येक युजरला 'मिनीडिस्क' मिळायची. मिनीडिस्क म्हणजे खऱ्या डिस्कचे मोजून दिलेले सिलिंडर. डिस्क तेव्हा किती महाग असेल, विचार करा. तरी ज्याच्या नावावर जेवढं लिहिलं, तेवढं त्याचं. पुढे डिस्क स्वस्त झाल्या आणि मजा म्हणजे त्या स्वस्त झाल्यावर आपण उधारीवर वाटायला लागलो!

मेसचं गणित

आता मेसकडे वळू. मेसला समजा शंभर मेंबर आहेत. मेसवाले काका शंभर जणांचं जेवण करतात का? अजिबात नाही. त्यांना अनुभवाने माहीत असतं की कोणी गावाला गेलंय, कोणी बाहेर वडापाव खाऊन आलंय, कोणी झोपलंय. ते ऐंशीचा स्वयंपाक करतात आणि सगळे पोटभर जेवतात. यात लबाडी काहीच नाही. शंभराचा केला असता तर वीस जणांचं रोज वाया गेलं असतं, आणि त्याचे पैसे शेवटी आपल्याच बिलात आले असते.

पण काकांचं हे गणित दोन गोष्टींवर उभं असतं. एक म्हणजे काका रोज पातेल्यात बघतात. कमी पडतंय असं दिसलं की मावशी कणीक वाढवतात. दुसरी म्हणजे खाडा. आपण जेवायला नसलो की आधी सांगतो, वहीत नोंद होते, तेवढं अन्न वाचतं आणि महिन्याच्या शेवटी पैसेही वाचतात. ज्या मेसला पातेलं बघणारा नाही आणि खाड्याची वही नाही, ती मेस एक दिवस बुडणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आपल्या लॅबच्या सर्व्हरवर नेमकं हेच नव्हतं.

त्या आठवड्यात काय झालं

आकडे सोपे करून सांगते. समजा सर्व्हरवर २००० जीबी जागा आहे. प्रोजेक्टचे ४० ग्रुप. प्रत्येकाला १०० जीबीची वाढती डिस्क दिली. म्हणजे वचन ४००० जीबीचं, पोत्यात २०००. सुरुवातीला ऑपरेटिंग सिस्टीम आणि चार सॉफ्टवेअर टाकून प्रत्येक व्हीएमने १२ जीबी घेतले, तर एकूण ४८०. सर्व्हर पाऊण रिकामा! सगळे खूश.

सेमिस्टर पुढे सरकतं. डेटासेट येतात, लॉग वाढतात, कोणी अपडेट मारतं. प्रत्येक व्हीएम सरासरी ५० जीबीला पोचली की ४० गुणिले ५० म्हणजे २००० आणि पोतं रिकामं. आता खरी गंमत बघा. त्या क्षणी प्रत्येक ग्रुप आपल्या व्हीएममध्ये डीएफ ही कमांड मारून बघतो, तेव्हा त्याला काय दिसतं? अर्धी डिस्क मोकळी! चाळीसच्या चाळीस ग्रुपना आपापलं घर अर्धं रिकामं दिसतंय आणि चाळीसच्या चाळीस व्हीएम लिहायला गेल्या की ठप्प. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि आपल्याला दिसतो तो फक्त पोहरा. आड सर्व्हर रूममध्ये कुलपात.

गेल्या सेमिस्टरला प्रोजेक्ट रिव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी आमच्या विभागात असंच झालं. एकामागोमाग एक व्हीएम थांबत गेल्या. कोणाच्या लिनक्समध्ये फाईल सिस्टीम रीड-ओन्ली झाली, कोणाचा डेटाबेस उघडेना. एका ग्रुपचं मॉडेल दोन रात्रींपासून ट्रेन होत होतं, ते मध्येच मेलं. त्यांनी मधले चेकपॉईंट ठेवले होते, पण शेवटचा चेकपॉईंट लिहितानाच जागा संपली होती.

मग हॉस्टेलवर गुन्हेगाराचा शोध सुरू झाला. कळलं की एका ग्रुपने फोटोंचा मोठा डेटासेट उतरवला होता आणि त्यांची व्हीएम ७० जीबीला गेली होती. झालं! रात्रभर त्यांच्या नावाने शिमगा. "तुमच्यामुळे आमचा रिव्ह्यू बोंबलला" हे त्या पोरांनी किती जणांकडून ऐकलं असेल, देव जाणे. त्यातल्या एकीला मी मेसमध्ये एकटी जेवताना पाहिलं. तिच्या टेबलावर कोणी बसेना.

मला हे अजिबात पटलं नाही. आजही पटत नाही. त्यांना १०० जीबी दिले होते आणि त्यांनी ७० वापरले. दिलेल्या हद्दीच्या आत राहून कोणी दोषी कसं ठरतं? आपल्या ताटातली पोळी खाल्ली म्हणून कोणी चोर होतो का? शंभराच्या मेसमध्ये ऐंशीचा स्वयंपाक झाला होता आणि ही पोरं पूर्ण जेवली, हा त्यांचा गुन्हा!

त्यापुढची गोष्ट जास्त वाईट आहे. रात्री जागा करण्यासाठी घाईघाईने जुन्या व्हीएम उडवल्या गेल्या. त्यांची नावं 'टेस्ट-वन', 'न्यू', 'फायनल-टू' अशी. कोणाच्या, का, काही पत्ता नाही. त्यातली एक होती पास आऊट झालेल्या एका सीनियर ग्रुपची, आणि तिच्यावर यंदाचा एक ज्युनियर ग्रुप पुढचं काम करत होता. सीनियरचा सेटअप तिथेच होता, दुसरी कॉपी कुठेच नाही. एका क्लिकमध्ये वर्षभराचं काम गेलं. ज्यांनी उडवली त्यांचा हेतू वाईट नव्हता. समोर चाळीस ग्रुप रडत होते. पण वही नसली की घाईत कोणाचं ताट उचललं जाईल याचा नेम नाही.

डिलीट केलं तरी जागा का सुटत नाही?

त्या रात्री एक सूचना व्हॉट्सअॅपवर फिरत होती, 'सगळ्यांनी आपापल्या व्हीएममधल्या नको त्या फाईल डिलीट करा.' पोरांनी इमानदारीत केल्या. सर्व्हरवर एक एमबीसुद्धा सुटला नाही. अनेकांना हे भूत वाटलं. भूत नाही, इथेच खाड्याचा प्रश्न येतो.

गेस्टमध्ये फाईल डिलीट केली की गेस्ट फक्त स्वतःच्या वहीत लिहितो, 'हे ब्लॉक आता मोकळे.' होस्टला त्याचा पत्ताच नसतो. होस्टच्या तक्त्यात ते तुकडे अजून भरलेलेच. म्हणजे आपण गावाला गेलो, रूममेटला सांगितलं, मेसला सांगितलंच नाही. ताट वाढलंय, जेवणारा नाही. उलट गेस्ट नवी फाईल लिहिताना जुन्या मोकळ्या जागेऐवजी नवीन कोरी जागा निवडू शकतो, मग फाईल आणखी फुगते. म्हणून या डिस्कना 'वाढत्या' म्हणतात, 'वाढत्या-घटत्या' नाही. वाढणं आपोआप होतं. घटणं कोणीतरी घडवून आणावं लागतं.

खाडा सांगायची अधिकृत पद्धत आहे. तिचं नाव ट्रिम किंवा डिस्कार्ड. लिनक्समध्ये एफएसट्रिम ही कमांड गेस्टच्या वहीतले मोकळे ब्लॉक खालच्या डिस्कला कळवते. पण ती पोचायला व्हीएमच्या डिस्क सेटिंगमध्ये डिस्कार्ड चालू असावं लागतं. ते बंद असेल तर तुम्ही खाडा सांगताय आणि मेसचा फोन बंद!

दुसरा मार्ग जुना, कष्टाचा. गेस्टच्या मोकळ्या जागेत शून्यं भरायची, व्हीएम बंद करायची आणि होस्टवर कॉम्पॅक्ट करायचं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीबॉक्समॅनेज या कमांडला कॉम्पॅक्टचा पर्याय आहे. शून्यांनी भरलेले तुकडे तो काढून टाकतो. पण लक्षात ठेवा, होस्ट आधीच काठोकाठ भरलेला असताना हा उद्योग करू नका. काही फॉरमॅटमध्ये शून्यं लिहितानाच फाईल अजून फुगते. क्यूईएमयूमध्ये नवी आटोपशीर कॉपी बनवायची तर त्या कॉपीलाही जागा लागते. थोडक्यात काय, घर आवरायलाही थोडी मोकळी जागा हवी. आग लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

आणि स्नॅपशॉट! आपल्या पोरांना स्नॅपशॉट घ्यायची भारी हौस. 'एक्स्पेरिमेंटच्या आधी', 'एक्स्पेरिमेंटच्या नंतर', 'जेवायला जाण्याआधी'. स्नॅपशॉट घेतला की जुनी डिस्क गोठते आणि पुढचं सगळं लिखाण वेगळ्या फाईलमध्ये जातं. आता तुम्ही जुनी फाईल डिलीट केली तरी ती गोठलेल्या थरात जिवंतच राहते, कारण स्नॅपशॉटवर परत जायचं तर ती लागणार. पाच थर म्हणजे पाच फाईली, आणि प्रत्येक फाईल वाढू शकते. स्नॅपशॉट काढून टाकताना थर एकमेकांत मिसळावे लागतात, त्यालाही तात्पुरती जागा लागू शकते. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य प्रत्येक लॅबच्या भिंतीवर लिहावं असं मला वाटतं. मूळ फाईल गेली की वरचे सगळे थर कचरा.

लॅपटॉपवर विंडोजमधलं लिनक्स वापरणाऱ्यांनी, म्हणजे डब्ल्यूएसएल-टू वाल्यांनी, हसू नये. तुमचंही लिनक्स एका वाढत्या व्हीएचडीएक्स फाईलमध्येच राहतं. डॉकरच्या इमेज आत उडवल्या तरी ती फाईल नेहमीच्या सेटिंगला आपोआप लहान होत नाही. ५१२ जीबीचा एसएसडी घेऊन दिला म्हणून बाबांना वाटतं चार वर्षांची चिंता मिटली आणि सेकंड इयरलाच पट्टा लाल! अशा वेळी डब्ल्यूएसएल पूर्ण बंद करून डिस्कपार्टने ती फाईल कॉम्पॅक्ट करता येते. फॉरमॅट मारायची गरज नसते.

वाढवायचं असेल तर

जाता जाता उलट बाजूही सांगते, कारण ओरलला विचारतात. कधी कधी होस्टवर जागा असते, पण गेस्टचीच हद्द संपते. मग डिस्क मोठी करायची. इथे तीन मजले आहेत आणि बरेच जण पहिल्याच मजल्यावर थांबून "होत नाही यार" म्हणतात. पहिला मजला, व्हर्च्युअल डिस्कचा आकार वाढवणं. दुसरा, गेस्टच्या आतलं पार्टिशन ताणणं. तिसरा, त्या पार्टिशनवरची फाईल सिस्टीम ताणणं. ईएक्सटी-फोर असेल तर रिसाइझ-टू-एफएस, एक्सएफएस असेल तर तिची स्वतःची ग्रो कमांड. तिन्ही झालं की डीएफमध्ये नवा आकडा दिसतो. कमी करायचं असेल तर हेच वरून खाली, आणि ते जोखमीचं काम आहे. आधी बॅकअप, मगच हात लावा.

मग सगळ्यांना फिक्स्डच द्या ना!

आमच्या विंगमध्ये या विषयावर रात्री दोनपर्यंत वाद झाला. अर्ध्या मुलींचं म्हणणं होतं, फिक्स्ड द्या, भांडणच नको. ऐकायला बरं वाटतं. पण २००० जीबी ४० ग्रुपना वाटले तर प्रत्येकी ५०, आणि सर्व्हरच्या स्वतःच्या कामाला जागा सोडली तर त्याहून कमी. साधी वेबसाईट बनवणाऱ्या ग्रुपला १५ पुरतात, त्यांचे ३० कायम कुलपात पडणार. इमेज प्रोसेसिंगवाल्यांना ८० लागतात, त्यांनी प्रोजेक्टच बदलायचा का? वाढत्या डिस्कमुळे गरजेप्रमाणे वाटणी होते, हा तिचा खरा गुण आहे आणि तो घालवू नये.

दुसरं म्हणणं, डिस्क आता स्वस्त आहेत, कॉलेजने आणखी घ्याव्यात. घ्याव्यातच. पण सर्व्हरची डिस्क म्हणजे दुकानातून आणलेला पेनड्राईव्ह नाही. एकाच डेटाच्या दोन कॉपी ठेवायच्या म्हटलं तर डिस्क दुप्पट, शिवाय कोटेशन, मंजुरी, सगळं आलं. आणि मुख्य म्हणजे खाड्याची वही नसेल तर ४००० जीबीसुद्धा भरतील, फक्त एक सेमिस्टर उशिरा. गळका नळ तसाच ठेवून टाकी मोठी केली तर पाणी थोडं उशिरा संपतं, एवढंच.

तिसरं म्हणणं मला स्टाफच्या बाजूने ऐकू आलं. लॅब सांभाळणारे सर एकच, त्यांची लेक्चर वेगळी, फाईलींची कामं वेगळी. रोज सर्व्हर बघत कोण बसणार? हे अगदी खरं आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय नुसती टीका करणं बरोबर नाही. म्हणूनच खाली जे मागते आहे, त्यातलं बरंचसं काम आपण विद्यार्थीच करू शकतो.

एक गोष्ट मात्र आपल्या सिलॅबसलाच विचारावीशी वाटते. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरला आपण बँकर्स अल्गोरिदम सोडवतो. डाइक्स्ट्रा यांनी तो १९६५ च्या सुमारास मांडला. बँकेकडे रोकड मर्यादित, प्रत्येक गिऱ्हाईक आपली कमाल गरज आधी सांगतं, आणि बँक प्रत्येक कर्जाआधी तपासते की हे दिलं तरी एकामागून एक सगळे काम संपवून पैसे परत करू शकतील ना? नसेल तर गिऱ्हाईकाला थांबवते. म्हणजे पोत्यापेक्षा जास्त वचन देणं हे पाप नाही, डाइक्स्ट्रांची बँकही ते देते. पण तिथे दोन अटी आहेत. दर वेळी तपासणी आणि काम झालं की परतफेड. आपल्या सर्व्हरवर तपासणी नाही आणि परतफेडही नाही. पोरं पास आऊट होतात, त्यांच्या व्हीएम पास आऊट होत नाहीत! टेबल भरून पूर्ण मार्क घ्यायचे आणि बाहेर येऊन नेमकं उलट वागायचं, याला काय म्हणायचं?

माझ्या पाच मागण्या

पहिली, आड दिसू द्या. सर्व्हरवर खरी मोकळी जागा किती, हे लॅबच्या फळ्यावर रोज लिहिलं जावं. लिहायला विद्यार्थी मॉनिटर ठेवा. क्यूईएमयूमध्ये प्रत्येक डिस्कच्या माहितीत दोन आकडे येतात, व्हर्च्युअल साईझ आणि प्रत्यक्ष डिस्कवरची साईझ. दोन्ही आकडे प्रत्येक ग्रुपला कळू द्या. रेल्वे निदान तिकिटावर आरएसी असं छापते. बसायला मिळेल, बर्थ मिळेलच असं नाही, हे प्रवाशाला घरातून निघतानाच कळतं. आपल्याला आरएसीचं तिकीट कन्फर्म म्हणून दिलं गेलं, भांडण तेवढंच आहे.

दुसरी, इशारा आधी द्या. जागा ७० टक्के भरली की सगळ्यांना मेल, ८५ टक्क्यांना नवी व्हीएम बंद. हे बघायला माणूस लागत नाही, एक छोटी स्क्रिप्ट पुरते. ती लिहायला सेकंड इयरचं पोरगंही तयार होईल, मायक्रो-प्रोजेक्ट म्हणून मार्क दिले तर दोन दिवसांत!

तिसरी, शेवटच्या महिन्यात बर्थ कन्फर्म करा. रिव्ह्यू आणि सबमिशनच्या काळात प्रत्येक प्रोजेक्ट ग्रुपला थोडी का होईना, पण खरी अडवून ठेवलेली जागा मिळावी. समजा २० जीबीची एक फिक्स्ड डिस्क, फक्त कोड, डेटाबेस आणि रिपोर्टसाठी. चाळीस ग्रुपचे होतात ८०० जीबी. बाकीची जागा खुशाल वाढती ठेवा. दुसऱ्याचा डेटासेट कितीही फुगला तरी माझा रिपोर्ट लिहिला गेला पाहिजे, एवढीच अपेक्षा.

चौथी, खाड्याची वही. प्रत्येक व्हीएमला ग्रुपचं नाव, गाईडचं नाव आणि संपण्याची तारीख असावी. 'फायनल-टू' हे नाव रजिस्टरमध्ये चालणार नाही. तारीख उलटली की पंधरा दिवसांची नोटीस, कोड आणि सेटअपची कॉपी विभागाकडे जमा, मगच व्हीएम उडवायची. हॉस्टेल सोडताना रूमची चावी दिल्याशिवाय नो ड्यूज मिळत नाही. तसंच व्हीएम परत केल्याशिवाय सही नको. रेक्टर सर जे एका कुलपासाठी करतात, ते विभागाने १०० जीबीसाठी करायला काय हरकत आहे?

पाचवी, एक प्रॅक्टिकल. एका छोट्या सर्व्हरवर मुद्दाम जास्तीचं वचन देऊन चार व्हीएम बनवायच्या आणि जागा संपू द्यायची. व्हर्च्युअलबॉक्स व्हीएमला थांबवून जागा करायला सांगतो. हायपर-व्ही तिला पॉज्ड-क्रिटिकल अवस्थेत टाकतो. लिनक्सचा एलव्हीएम थिन पूल नेहमीच्या सेटिंगला ६० सेकंद लिखाण रोखून वाट बघतो आणि मग एरर देतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की जन्मभर विसरणार नाही. जर्नलमध्ये आकृती काढून काही होत नाही.

आपल्या बाजूनेही थोडं वागायला हवं. महिन्यातून एकदा एफएसट्रिम मारा. नको ते स्नॅपशॉट काढा. डेटासेट प्रत्येक व्हीएममध्ये वेगळा उतरवण्यापेक्षा एकच कॉपी शेअर करून वापरा. कोड रोज बाहेरच्या रिपॉझिटरीत ढकला. आणि जागा संपली तर शेजारच्या ग्रुपवर तुटून पडण्याआधी वचन किती दिलं होतं, ते विचारा.

त्या मुलीच्या टेबलावर आता लोक बसतात, रिव्ह्यूही पुढे ढकलून झाले, सगळं थंड झालं. पण पुढच्या वर्षी पुन्हा चाळीस ग्रुप येतील, पुन्हा १०० जीबीची वचनं दिली जातील आणि सेमिस्टरच्या सुरुवातीला सर्व्हर पुन्हा पाऊण रिकामा दिसेल. वही सुरू करायची ती तेव्हाच, पातेलं भरलेलं असताना. फळ्यावर आकडा लिहायला मी पहिला महिना स्वतः येते. दुसऱ्या महिन्यासाठी कोणीतरी नाव द्या.

बघा, पटतंय का.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी
(लेडीज हॉस्टेल, दुसरा मजला)